सी-१ ची यादी म्हणजे भूकंपाची तयारी नव्हे

खाडीकाठ: पावसाळ्याआधी पालिकेची धोकादायक इमारतींची सी-१ (अतिधोकादायक) ते सी-३ (किरकोळ दुरुस्तीच्या) यादी लागते. आपली इमारत तीत नसली की लोक निर्धास्त. पण ती यादी इमारत स्वतःचं वजन पेलेल का, एवढंच पाहते. आडव्या धक्क्याचं काय, हे कुणी विचारलेलंच नसतं. ठाणे, नवी मुंबई दोन्ही आयएस १८९३ (२०१६) या भूकंपाच्या भारतीय कोडाप्रमाणे झोन ३, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यामध्ये. म्हणून वॉर्डाचा भूकंपधोक्याचा नकाशा आधी दोनच गोष्टींवरून रंगवा: खाली स्टिल्ट पार्किंग (भिंतींविना नुसत्या कॉलमवरचा तळमजला) आहे का, आणि जमीन कसली. ०.७ सेकंद आवर्तकालाच्या (एक झोका पुरा व्हायला लागणारा वेळ) इमारतीला याच कोडात खडकावर धक्क्याच्या जोराचा गुणांक १.४३ येतो, मऊ मातीवर २.३९. मग वाशीची खाडीकडची बाजू आणि येऊरच्या डोंगराचा पायथा एकाच रंगात कसे?

गंजवाला: नाही पटत. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्यात इमारत कोसळून ७४ माणसं गेली, तेव्हा कुठला भूकंप होता? सोसायटीच्या फंडात असतं किती! आधी गळती, मग गंज. उरलं तर तुमचा नकाशा.

खाडीकाठ: गंज आणि भूकंप वेगळे काढताच येत नाहीत. कॉलममध्ये सगळ्यात बाहेर असते रिंग (उभ्या गजांना वेढणारा बारीक गज), म्हणून पहिली तीच गंजते. ६ मिमीची ४ मिमी उरली की छेद ४४ टक्क्यांवर. ऑडिटवाले हॅमर मारून काँक्रीटच्या ताकदीचा आकडा देतात, रिंग कुणी बघत नाही. स्टिल्टच्या दोन-तीन कॉलमचं कव्हर (गजांवरचा काँक्रीटचा थर) बीमखाली फोडा. रिंगच्या टोकाचा हूक १३५ अंशांत आत वळलेला हवा, दोन रिंगांतलं अंतर १०० मिमीच्या आत. ९० अंशांचा असेल तर कव्हर उडताच उघडतो, उभा गज बाहेर फुगतो. २००१ च्या भूकंपात भूजपासून दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत स्टिल्टच्या इमारती बसल्याच ना?

नौपाडकर: दोघेही कॉलममध्येच अडकलात! प्रश्न वस्तीचा आहे. ठाण्यातल्या किसननगरच्या आतल्या गल्ल्यांत बंब वळत नाही. आणि गच्चीवर मागाहून चढवलेली १०,००० लिटरची टाकी म्हणजे १० टन, तेही विटांच्या चौथऱ्यावर. ती आधी उतरवा, फंड लागत नाही.

गंजवाला: टाकीचं मान्य. कॉलम फोडणंही ठीक, पण पुढे जॅकेटिंग (कॉलमभोवती नवे गज आणि काँक्रीट) निघालं तर ठेकेदार ते फरशीवरून सुरू करून बीमखाली थांबवतो. गज खाली पायाच्या फुटिंगमध्ये आणि वर स्लॅबमधून पुढे गेले नाहीत, तर वजनाला थोडा आधार होईल. धक्क्यात कॉलम वाकेल तो नेमका त्याच दोन टोकांना.