श्रावणातली सुट्टी
गटारीनंतर थेट गणपतीपर्यंत दारू बंद ठेवायची, पण संध्याकाळी सात ते नऊ कशी काढायची, असं विचारलंय तुम्ही. खरा नडतो तो तोच वेळ. मी गेली चार वर्षं श्रावण पाळतोय (देवासाठी कमी, यकृतासाठी जास्त).

पहिल्या वर्षी उपाशीपोटी तलफ मारत बसायचो, तिथेच चुकलो. आता सहालाच मूठभर फुटाणे आणि ताक. पोटात काही गेलं की माझी निम्मी तलफ उतरते. हातात ग्लास मात्र लागतोच, म्हणून त्याच जुन्या ग्लासात कोकम, सोडा, चिमूटभर जिरेपूड, बर्फ. बायको हसते, हसू दे.

पहिले चार-पाच दिवस मी रात्री टक्क जागा असायचो. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते. ती सवय सुटायला वेळ लागतो. आणि एक ग्रॅम अल्कोहोलमागे ७ कॅलरी वाचवून साबुदाणा खिचडीच्या दोन बशा हाणल्या तर वजन जागचं हलत नाही, हा स्वानुभव.

मात्र रोज भरपूर घेणाऱ्याने, सकाळी हात थरथरणाऱ्याने असं एकदम बंद करू नये. शेवटच्या पेगनंतर ६ ते ४८ तासांत फिटचे झटके येऊ शकतात. आधी डॉक्टर गाठा. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्रही आहे, १९८६ पासून.

मित्रांच्या बैठकीला जायचं का? गेल्या वर्षी गेलो होतो. चखणा मनसोक्त मिळाला, पण रात्री एकला चौघांना घरी सोडायचं काम गळ्यात पडलं.