मदत हवी आहे : घरी बांधत असलेल्या प्लायवूडच्या कॅनूला पीळ आला आहे, सांधे पक्के करण्यापूर्वी तो कसा काढावा?

नमस्कार. जानेवारीपासून मी कुडाळजवळच्या आमच्या घरी दोन माणसांनी वल्हवायची, पंधरा फूट लांबीची लाकडी कॅनू बांधत आहे. सुतारकाम हा माझा व्यवसाय नाही. कर्ली खाडीच्या शांत पाण्यात स्वतः बांधलेली होडी घालावी, ही फार वर्षांची इच्छा आहे. सांगाडा उभा राहिला आहे, पण त्याला पीळ आला आहे आणि मृग लागायला जेमतेम बारा दिवस उरले आहेत. आतले सांधे एपॉक्सीने (दोन द्रव मिसळून घट्ट होणाऱ्या चिकटीने) एकदा भरले की ही चूक कायमची होईल, म्हणून पुढे जाण्यापूर्वी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

पद्धत तारेने टाके घालून सांधे चिकटवण्याची आहे. 1963 साली ब्रिटनमध्ये आलेल्या मिरर डिंगी या छोट्या शिडाच्या होडीमुळे ती घरोघरी पोहोचली. 4 मिमी जाडीच्या मरीन, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या, प्लायच्या तीन शीट आणून प्रत्येकीतून चार लांब पट्ट्या कापल्या आणि दोन-दोन पट्ट्या टोकाला टोक जोडून प्रत्येक बाजूला तीन, अशा सहा फळ्या तयार केल्या. जोड देताना जाडीच्या आठपट, म्हणजे 32 मिमी उतार रंध्याने काढला. उतार बरोबर आला की प्लायचे थर सरळ, समांतर रेघांसारखे दिसतात आणि रंधा जरा तिरका चालला की त्या रेघा लगेच वाकतात, त्यामुळे हे काम मला वाटले होते त्याहून सोपे गेले. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून 18 गेजची तांब्याची तार आणून दर 10 सेंटिमीटरवर टाके घातले.

प्लायबद्दल एक अनुभव इथे नोंदवतो, कारण तो इतरांच्या उपयोगी पडेल. पहिल्यांदा एका दुकानातून ‘मरीन’ म्हणून जो नमुना मिळाला, त्याचा तळहाताएवढा तुकडा घरी पातेल्यात चार तास उकळला, तेव्हा त्याचे थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटले. आयएस 710 या मानकातील प्लायच्या चिकटीने 72 तासांचे उकळणे सोसले पाहिजे, अशी अट आहे. दुसरीकडून आणलेल्या, त्या मानकाचा शिक्का असलेल्या प्लायचा तुकडा मी दोन दिवस थोडा थोडा वेळ उकळला आणि उन्हात वाळवला, तरी त्याची कडसुद्धा उघडली नाही. हा प्लाय जड आहे, एक शीट सुमारे नऊ किलो भरते, पण खाडीत भरवशाचा प्लाय असणे वजनापेक्षा महत्त्वाचे आहे, असे मला वाटते.

आता मूळ अडचण. टाके घट्ट करून झाल्यावर तारांच्या मधल्या जागेत मी एपॉक्सीचे लहान ठिपके दिले आणि होडी आठ दिवस पडवीत दोन लाकडी घोड्यांवर तशीच ठेवली. शेजारचे काका आयुष्यभर मासेमारी करत आले आहेत. ते परवा आले, नाळेसमोर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकासमोर, उभे राहिले, एक डोळा मिटून पाहिले आणि म्हणाले, “होडी वाकडी बघता.” मला काही दिसत नव्हते. मग काठांवर, एक पुढे आणि एक मागे, अशा चार फुटी दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवल्या आणि एकीच्या कडेवरून दुसरीकडे पाहिले, तेव्हा मागच्या पट्टीचे डावे टोक पुढच्या पट्टीपेक्षा 22 मिमी वर असल्याचे आढळले.

कारण सापडले आहे असे वाटते. पाणी वाहून जावे म्हणून आमच्या पडवीची जमीन बाहेरच्या बाजूला उतरती केलेली आहे, आणि हा उतार सगळीकडे सारखा नाही, पायरीजवळ तो जास्त आहे. गवंडी वापरतात तशी पाण्याची पारदर्शक नळी घेऊन दोन्ही घोडे तपासले, तर 75 सेंटिमीटर रुंदीत त्यांच्या उतारात 14 मिमीचा फरक निघाला. चार फुटांच्या पट्टीवर हिशेब केला की हा फरक सुमारे 23 मिमी होतो, म्हणजे होडीने घोड्यांचाच पीळ जवळजवळ जसाच्या तसा घेतला आहे.

माझे प्रश्न असे आहेत. ठिपके कापून होडी सरळ करता येईल का, की सहाही फळ्या सुट्या करून टाके पुन्हा घालावे लागतील? पीळ तसाच राहिला तर वल्हवताना होडी सतत एका बाजूला ओढेल का? आणि कोकणातल्या दमट हवेत आता एपॉक्सीचे काम करावे, की दिवाळीपर्यंत थांबावे? तपासणीसाठी एका फळकुटावर थोडी एपॉक्सी लावून पाहिली होती. वळवाचा पाऊस झालेल्या संध्याकाळी तिच्यावर साबणासारखा चिकट, मेणचट थर आला, म्हणून हा शेवटचा प्रश्न विचारत आहे.

प्रतिसाद

आपण पीळ मोजून त्याचे कारणही शोधले आहे, त्यामुळे निम्मे काम झालेले आहे. फळ्या सुट्या करू नका. पाच-सहा मिलिमीटरचा पीळ मी स्वतः बांधलेल्या एका होडीत राहिला होता आणि पाण्यात तो कधी जाणवला नाही, परंतु 22 मिमीची होडी सरळ जाणार नाही, वल्हे मारणाऱ्याला प्रत्येक फेरीत ती सुधारत बसावे लागेल.

पहिल्यांदा घोडे नळीने समपातळीत आणा, पायांखाली पाचरी घाला आणि त्या जागच्या हलणार नाहीत अशा ठोकून बसवा. मग दोन्ही टोकांचे सांधे तसेच ठेवून मधल्या दोन-तृतीयांश भागातील ठिपके हॅक्सॉच्या नुसत्या पात्याने कापा. तारा काढू नका, फक्त अर्धा-पाऊण फेरा सैल करा, म्हणजे फळ्यांना एकमेकींवरून किंचित सरकता येईल. एखादा ठिपका पात्याला दाद देत नसेल तर गरम हवेच्या बंदुकीने तो तापवा. घरच्या तापमानाला सुकलेली एपॉक्सी साठ-सत्तर अंशांच्या पुढे मऊ पडते. त्यानंतर पुढच्या डाव्या काठापासून मागच्या उजव्या काठापर्यंत आणि उलट बाजूने अशा दोन दोऱ्या बांधून पाहा. ज्या दोरीने काठांवरच्या पट्ट्या जुळू लागतील ती ठेवा, तिच्यात काठी घालून हळूहळू पीळ द्या आणि समपातळीच्या पुढे उलट दिशेला तीन-चार मिलिमीटर जाऊ द्या, कारण दोरी सोडल्यावर होडी थोडी मागे फिरते. मग तारा घट्ट करा, नवे ठिपके द्या आणि ते पूर्ण सुकेपर्यंत दोरीला हात लावू नका.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. गोव्यात बांधलेले, अजिंठ्याच्या चित्रावरून घडवलेले आणि 2025 साली नौदलात दाखल झालेले ‘कौंडिण्य’ हे जहाज काथ्याच्या दोरीने शिवलेले आहे आणि तिथे ती शिवणच फळ्या धरून ठेवते. आपल्या पद्धतीत तार केवळ तात्पुरती आहे, खरा जोर आतल्या भरावावर आणि त्यावरच्या काचेच्या धाग्यांच्या पट्टीवर येतो, आणि बाहेरून काचेचे कापड बसले की आकार पक्का होतो. म्हणून भराव घालताना, पट्टी लावताना आणि होडी पालथी केल्यावरही, प्रत्येक वेळी घोडे आणि काठांवरच्या आडव्या पट्ट्या पुन्हा तपासा.

मेणचट थराला घाबरू नका. एपॉक्सीत ती घट्ट होण्यासाठी मिसळायच्या हार्डनरचा हवेतील ओल आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग झाला की तो येतो आणि साध्या पाण्यात विरघळतो. भांडी घासण्याचा हिरवा स्क्रबर आणि स्वच्छ पाणी घेऊन धुवा, पुसा, वाळवा आणि त्यानंतरच पॉलिश पेपर मारा. न धुता घासले तर तो थर पृष्ठभागात रगडला जातो आणि पुढचा हात नीट धरत नाही.

पावसाळाभर होडी अर्धवट ठेवू नये, असे माझे मत आहे, कारण उघड्या कडांमधून प्लाय ओल पितो. पडवीला ताडपत्रीचा पडदा लावून आत दोन मोठे पिवळे बल्ब रात्रभर चालू ठेवा. गॅसची शेगडी किंवा स्टोव्ह मात्र अजिबात नको. त्यांच्या ज्वलनातून पाण्याची वाफच हवेत मिसळते, शिवाय आगीचा धोका आहे. नुसत्या लाकडावर पहिला हात तापमान उतरत असताना, म्हणजे संध्याकाळी द्या. सकाळी दिला तर ऊन चढते तशी लाकडातली हवा फुगून बाहेर येते आणि बुडबुडे राहतात.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. काल सकाळी घोड्यांखाली फणसाच्या पाचरी ठोकल्या, ठिपके पात्याने कापले आणि दोरीला पीळ दिला. ठिपके तुटताना होडी दोनदा बारीक करकरली, तेव्हा छातीत धस्स झाले, पण फळ्यांना कुठेही तडा गेलेला नाही. नवे ठिपके रात्रभर बल्बच्या उबेत सुकले. आज दोरी सोडल्यावर पट्ट्यांमध्ये 3 मिमीचा फरक उरला आहे आणि काकांनीही नाळेसमोरून पाहून मान हलवली. उद्या पाऊस नसेल तर संध्याकाळी तळाच्या मधल्या सांध्यापासून भराव घालायला घेतो.