कारखान्यातील चॅट सर्व्हर : पासवर्ड आणि चॅनेलांच्या मांडणीबाबत सल्ला हवा

टूलरूम_अंबड :
नमस्कार. अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या छोट्या मशीनिंग कारखान्यात शॉपफ्लोअरवर मोबाईल नेण्यास मनाई आहे आणि मशीनजवळच्या संगणकांना इंटरनेट नाही, म्हणून कार्यालयातील एका जुन्या संगणकावर मी आयआरसी (नेटवर्कवर लिहून गप्पा मारण्याची जुनी पद्धत) सर्व्हर चालवतो. माणसे सुमारे पंचवीस, पाळ्या तीन, चॅनेल (विषयवार गप्पांच्या खोल्या) चार. संपूर्ण सर्व्हरला एकच पासवर्ड असून तपासणीच्या चॅनेलला वेगळी की, म्हणजे त्या चॅनेलपुरता पासवर्ड, लावली आहे.

मागच्या आठवड्यात एका मॉनिटरच्या कडेला सेलोटेपने चिकटवलेली चिठ्ठी सापडली. तिच्यावर जुने दोन पासवर्ड खोडून त्यांखाली तिसरा, चालू असलेला, लिहिलेला होता. दुसरी अडचण अशी की, साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला तपासणीच्या चॅनेलची की नाहीशी झालेली असते. अशाच एका सकाळी कोणीतरी ‘क्यूसी’ (गुणवत्ता तपासणी) हे नाव घेऊन ‘लॉट पास’ असे लिहिले आणि साठ बुशिंग न तपासताच पॅकिंगला गेले. कोणता सर्व्हर घ्यावा आणि मांडणी कशी करावी?

पाथर्डी_फाटा :
की नाहीशी होते हा आपल्या सर्व्हरचा बिघाड नाही. आयआरसीच्या मूळ रचनेत, म्हणजे तिचे नियम सांगणाऱ्या १९९३ च्या आरएफसी १४५९ या दस्तऐवजामध्ये, चॅनेलमध्ये कोणीतरी हजर असेपर्यंतच ते चॅनेल अस्तित्वात असते. शेवटचा माणूस बाहेर पडला की चॅनेल संपते आणि त्याच्यावर लावलेली की व इतर मोडही (चॅनेलच्या सेटिंग्ज) त्याच्याबरोबर जातात. सुट्टीनंतर त्या नावाच्या चॅनेलमध्ये जो पहिला आत येतो, तोच चॅनेल ऑपरेटर, म्हणजे त्या चॅनेलचा नियंत्रक, होतो. आपल्याकडे ही संधी दर आठवड्याला, ज्याने संगणक आधी सुरू केला त्याला मिळत होती.

मात्र की टिकली असती तरी ‘क्यूसी’चा प्रकार टळला नसता, कारण सर्व्हरचा पासवर्ड आणि चॅनेलची की या दोन्हींनी प्रवेश मिळतो, माणसाची ओळख पटत नाही. त्यासाठी प्रत्येकाचे स्वतंत्र खाते लागते. जुन्या सर्व्हरांना त्यासाठी अ‍ॅनोप किंवा अ‍ॅथीम असा वेगळा प्रोग्राम जोडावा लागतो. आपल्या आकाराच्या कामासाठी मी अर्गो हा आयआरसी सर्व्हर सुचवेन. खाती सांभाळणारा निकसर्व्ह आणि चॅनेल सांभाळणारा चॅनसर्व्ह त्यातच अंगभूत आहेत आणि सगळी मांडणी एकाच वायएएमएल (साध्या मजकुराच्या) फाइलमध्ये होते.

त्या फाइलमध्ये सासल (जोडतानाच खात्याचा पासवर्ड तपासण्याची पद्धत) सक्तीचे करावे, म्हणजे खात्याशिवाय कोणी जोडलाच जाणार नाही. स्वतः खाते उघडण्याची सोय बंद ठेवून सगळी खाती आपणच उघडावीत. सर्व्हर सांभाळणाऱ्याचा, म्हणजे सर्व्हर ऑपरेटरचा, पासवर्ड फाइलमध्ये साधा लिहिता येत नाही. अर्गोच्या जेनपासडब्ल्यूडी या आज्ञेने त्याचा बीक्रिप्ट हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड काढता येत नाही असे रूप) तयार करून तो तेथे ठेवावा लागतो. चॅनेल चॅनसर्व्हकडे नोंदवले की ते रिकामे झाले तरी त्याचे मोड टिकतात.

टूलरूम_अंबड :
सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. एक शंका राहते. मशीनजवळचा संगणक तिन्ही पाळ्यांचे मशीन ऑपरेटर वापरतात. आधीच्या पाळीतील माणूस लॉगआउट न करता बसच्या घाईने निघून गेला, तर पुढचा माणूस त्याच्याच नावाने लिहीत राहील.

पाथर्डी_फाटा :
शंका रास्त आहे आणि मला वाटते, येथे पंचवीस खात्यांचा आग्रह धरू नये. ज्यांच्या शब्दावर माल पुढे जातो किंवा थांबतो, त्यांनाच वैयक्तिक खाती द्यावीत : तपासणीस, पाळीप्रमुख आणि ड्रॉइंगची आवृत्ती बदलणारे. मशीनच्या संगणकाला त्या मशीनच्याच नावाचे खाते असावे. मग तपासणीच्या चॅनेलला एम मोड लावावा, म्हणजे ज्याला व्हॉइस (लिहिण्याची परवानगी) आहे तोच तेथे लिहू शकेल, आणि चॅनसर्व्हच्या एमोड आज्ञेने तो व्हॉइस तपासणीसांच्या खात्यांना कायमचा द्यावा. मशीनवरून सगळे वाचता येईल, पण ‘पास’ लिहिता येणार नाही. तपासणीसाने मात्र आपला पासवर्ड शॉपफ्लोअरच्या संगणकावर जतन करू नये. हे त्यांना समोर बसवून समजवावे लागेल.

सातपूर_नेटवर्क :
वरील मांडणीत एक भर. ६६६७ हे साधे पोर्ट (सर्व्हरला जोडण्याचे क्रमांकित दार) नेटवर्कवर उघडे ठेवू नका, कारण त्यावरून पासवर्ड उघड्या स्वरूपात जातो आणि त्याच स्विचच्या जाळ्यातील कोणी तो पकडू शकतो. टीएलएसचे, म्हणजे सांकेतिक रूपात माहिती पाठवणारे, ६६९७ तेवढे चालू ठेवा. इंटरनेट नसल्याने सर्व्हरची ओळख पटवणारे प्रमाणपत्र स्वतःच तयार करावे लागेल. अर्गोची एमकेसर्ट्स ही आज्ञा ते करून देते, परंतु प्रत्येक संगणकावर त्या प्रमाणपत्राचा ठसा (त्याची ओळख सांगणारी अक्षर-अंकांची मालिका) एकदा ताडून पाहूनच ते स्वीकारावे. माणूस नोकरी सोडून गेला, तर निकसर्व्हमधून त्याचे खाते निलंबित करता येते. बाकी कोणाचाही पासवर्ड बदलावा लागत नाही.

टूलरूम_अंबड :
म्हणजे चिठ्ठीवर लिहावा असा सामाईक पासवर्डच उरत नाही. येत्या सुट्टीच्या दिवशी तपासणीच्या चॅनेलपासून सुरुवात करतो आणि पहिल्या पाळीला स्वतः हजर राहून काय झाले ते येथे कळवतो.