जरबेरा दादरला पाठवायचा की कोल्हापुरातच विकायचा?

शिरोळ_दहागुंठे:
नमस्कार. शिरोळ तालुक्यात दहा गुंठ्यांचं पॉलीहाऊस आहे, सगळा जरबेरा. लाल, पिवळा, पांढरा, थोडा गुलाबी. रोज पाच-सहाशे फुलं निघतात. संध्याकाळी बॉक्स ट्रॅव्हल्सला लावतो, पहाटे दादरला उतरतो, पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, चार दिवसांनी व्हॉट्सॲपवर येते. लग्नसराईत गड्डीला (फुलांच्या जुडीला) बरा दर लागतो, पितृपक्षात भाडंसुद्धा निघत नाही. मागल्या महिन्यात एका व्यापाऱ्यानं निम्मा माल डागी (खराब) म्हणून लावला. खरं की खोटं कळायला मार्ग नाही. कोल्हापूरच्या फूलबाजारात, शिंगोशी मार्केटला, नेऊन बघितलं, तर एवढा जरबेरा इथं जात नाही म्हणाले. बँकेचा हप्ता चालू आहे. आमच्यासारख्या लहान माणसानं बाजार समजून घ्यायचा कसा?

हातकणंगले_गुलाब:
नुसत्या दरावर जाऊ नका. भाडं, हमाली, आडत (दलाली), बॉक्स, स्लीव्ह (फुलांचं वेष्टन) वजा करून फुलामागे हातात काय पडलं ते रोज वहीत लिहा. आम्ही गुलाब हैदराबादला गुडीमलकापूरच्या आणि पुण्याला गुलटेकडीच्या फूलबाजारात पाठवतो. दर कुठं जास्त आणि पैसे कुठं जास्त, याची उत्तरं वेगवेगळी निघतात. बेंगळुरूला गुलाबाचा संगणकावर लिलाव होतो, लागलेला दर सगळ्यांना दिसतो. आपल्याकडं तसं नाही, म्हणून वही आपणच ठेवायची.

शाहूपुरी_सजावट:
दादा, मी तुमच्या समोरच्या बाजूला बसते. शाहूपुरीत माझं फुलांचं दुकान आहे, लग्नाची आणि बारशाची सजावट घेते. म्हणून घेणाऱ्याच्या बाजूनं सांगते.

शिंगोशी मार्केटला तुम्हाला खोटं सांगितलं नाही. तिथलं गिऱ्हाईक देवाचं आहे. अंबाबाईला, जोतिबाला, घरच्या देव्हाऱ्यात झेंडू, शेवंती, गलांडा, निशिगंध लागतो, तोही सुटा, वजनावर. जरबेरा देवाला फारसं कुणी वाहत नाही. त्याला घेणारे म्हणजे मंगल कार्यालयं, सजावटवाले, बुकेची दुकानं, हॉटेलं. यातलं कुणी पहाटे मार्केटला भाव करत उभं राहत नाही, आदल्या रात्री फोन करतात.

आणि माझा स्वतःचा जरबेरा पुण्याहून येतो. शिरोळचं फूल रात्रभर मुंबईला जातं आणि मी रात्रभर पुण्याहून फूल आणते, दोन्हीकडचं भाडं वाया. मला याचं फार वाईट वाटतं. कारण एकच आहे. शनिवारच्या स्टेजला मला तीनशे फुलं एकाच रंगाची, लांब दांड्याची, एकाच अवस्थेत उमललेली लागतात. एका शेतकऱ्याकडं त्या दिवशी शंभर लाल, दीडशे पिवळी असं निघतं. गुलटेकडीला एका फोनवर माझं काम होतं. तुमच्या आसपास चार-पाच पॉलीहाऊस असतील, तर सकाळच्या तोडणीनंतर कुणाकडं कोणता रंग किती, हे एका ग्रुपवर टाका आणि आम्हा सजावटवाल्यांना त्यात घ्या. दुसऱ्या रात्री फोन तुम्हालाच येईल.

आता हंगाम. जरबेरा रोज उमलतो, त्याला मुहूर्त कळत नाही, पण आमचं सगळं काम पंचांगावर चालतं. चातुर्मासात लग्नं नाहीत, तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात, पौषात पुन्हा थंड. गणपती-गौरी, नवरात्रात सजावटीला माल लागतो. अधिक महिना कधी आहे ते आधी बघून ठेवा. २०२३ ला श्रावण अधिक होता, तो तसाही लग्नाचा काळ नव्हता. २०२६ ला ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून, म्हणजे लग्नसराईच्या मधोमध महिनाभर खड्डा. नवी रोपं लावायची असतील तर हे धरून लावा.

गोव्याकडं कुणी का बघत नाही, मला कळत नाही. तिथल्या ख्रिस्ती लोकांचे दिवस वेगळे. २ नोव्हेंबरला कबरींवर फुलं, डिसेंबरात नाताळ, मग लग्नं. आपला पौष जिथं भाव पाडतो, तिथंच त्यांची मागणी उभी राहते. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस मात्र त्यांच्याकडं सहसा लग्नं लागत नाहीत, ते सोडा.

डागी मालाचं. बॉक्स बंद करण्याआधी फोटो काढा, झाकणावर रंग आणि गड्ड्या लिहा. मग तसाच एक बॉक्स त्याच गाडीनं दादरच्याच दुसऱ्या गाळ्यावर पाठवा. दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या की बोलायला आधार मिळतो. पण तुमच्या बाजूनंही बघा. मधल्या चकतीतल्या कडेच्या दोन-तीन ओळी उमलल्याशिवाय फूल काढू नका, कोवळं फूल माझ्या स्टेजवर संध्याकाळपर्यंत मान टाकतं. बुंध्यातून ओढून काढा, मग टोक छाटून लगेच स्वच्छ पाण्यात ठेवा. जरबेऱ्याच्या दांड्यावर लव असते, मळक्या बादलीतले जंतू तिथंच बसतात आणि दांडा पाणी ओढत नाही. तळेगाव दाभाडेला काढणीनंतरच्या हाताळणीचं प्रशिक्षण मिळतं, घरातल्या ज्या बायका तोडणी करतात त्यांना पाठवा. काम त्यांच्या हातात असतं.

शिरोळ_दहागुंठे:
ताई, फार उपयोग झाला. आमच्या शिवारातच तिघांकडं जरबेरा आहे, त्यांच्याशी बोलतो. एक भीती आहे. दादरचा व्यापारी कापून का होईना पैसे देतो. गावातले सजावटवाले उधारीवर ठेवतात, असं सगळे सांगतात.

शाहूपुरी_सजावट:
ठेवतात, खरं आहे. पण आम्ही लग्नाचं काम ठरलं की गिऱ्हाइकाकडून आगाऊ रक्कम घेतो. त्यामुळं ऑर्डर घेताना निम्मे पैसे मागा, उरलेले माल उतरताना. हे न देणाऱ्याला पहिल्याच वेळी माल देऊ नका. सुरुवातीला सगळा माल इकडं वळवू नका, दादरची गाडी चालू राहू द्या. आठवड्यातले दोन दिवस, शुक्रवार-शनिवार, कोल्हापूर-इचलकरंजीसाठी धरा. आणि पांढरा रंग वाढवा, तो मला कधीच पुरत नाही.