डॉजर्सची २०२५ मधील पिचिंग : हंगामभराचे आकडे आणि ऑक्टोबरमधले निकाल यांचा मेळ कसा घालावा?

रंकाळाकाठ (कोल्हापूर) यांचा प्रश्न

नमस्कार. लॉस एंजेलिस डॉजर्स या अमेरिकी बेसबॉल संघाच्या पिचिंगची, म्हणजे चेंडूफेकीची, नोंद मी मार्च २०२५ पासून, म्हणजे टोकियोत शिकागो कब्जविरुद्ध झालेल्या दोन सामन्यांपासून, एका वहीत ठेवत आलो आहे. दर सामन्याला एक ओळ असते. सुरुवात कोणी केली, किती इनिंग (तीन बादांचा एक डाव, सामन्यात नऊ) टाकल्या, किती चेंडू लागले, किती धावा दिल्या आणि नंतर बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचरांतून, कोण कोण आले, एवढे रकाने त्यात आहेत. लॉस एंजेलिसमध्ये संध्याकाळी ७:१० ला सुरू होणारा सामना त्यांच्या उन्हाळी वेळेत आपल्याकडे सकाळी ७:४० ला सुरू होतो, त्यामुळे स्टार्टरची, म्हणजे सुरुवात करणाऱ्या पिचरची, बहुतेक पिचिंग कामावर निघण्यापूर्वी पाहून होते आणि बुलपेनचा भाग दुपारी जेवणाच्या सुट्टीत पाहता येतो. पूर्वेकडील शहरांतले सामने पहाटे साडेचारच्या सुमारास सुरू होत असल्याने ते बहुधा धावफलकावरूनच उतरवले.

आता अडचण सांगतो. वही सलग वाचली तर हा विजेत्या संघाचा हिशेब वाटत नाही. पाच वर्षांसाठी १८.२ कोटी डॉलरला घेतलेला ब्लेक स्नेल एप्रिलमध्येच खांदा धरून बसला, तो ऑगस्टमध्ये परतला. टायलर ग्लास्नो एप्रिलअखेरीपासून जुलैपर्यंत नव्हता. रोकी सासाकी आठ सामन्यांत सुरुवात करून मे महिन्यात बाहेर गेला. कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर शोहेई ओतानी १६ जूनपर्यंत एकही चेंडू टाकू शकला नव्हता आणि त्यानंतरही आधी एक इनिंग, मग दोन, असे त्याला हळूहळू वाढवण्यात आले. चार वर्षांसाठी ७.२ कोटी डॉलर मोजून शेवटच्या इनिंगसाठी आणलेल्या टॅनर स्कॉटने दहा वेळा हातातली आघाडी घालवली.

वहीतले सर्वांत कडू पान ७ सप्टेंबरच्या पहाटेचे आहे. अनंत चतुर्दशीची मिरवणूक पाहून महाद्वार रोडवरून परतायला उशीर झाला होता, झोप अशी झालीच नव्हती, म्हणून बाल्टिमोरचा सामना अपवादाने थेट पाहिला. योशिनोबू यामामोटोने नवव्या इनिंगमध्ये दोन बाद होईपर्यंत एकही हिट (तळ गाठून देणारा फटका) दिली नव्हती, आघाडी ३-० अशी होती, आणि जॅक्सन हॉलिडेने त्याचा ११२ वा चेंडू कुंपणापलीकडे धाडला. नो-हिटर, म्हणजे एकही हिट न देता सामना संपवण्याची संधी, गेली, तरी आघाडी दोन धावांची होती. यामामोटोला काढून ब्लेक ट्रायनेनला आणले, त्याच्या जागी पुढे स्कॉट आला, आणि या दोघांना मिळून तो उरलेला एक बाद करता आला नाही. सामना ४-३ असा हरला.

असा संघ ९३ विजय मिळवून ऑक्टोबरमधल्या बाद फेऱ्यांत गेला. तिथे त्याची गाठ मिलवॉकी ब्रुअर्सशी पडली, ज्यांनी ९७ सामने जिंकले होते आणि नियमित हंगामात डॉजर्सला सहाच्या सहा सामन्यांत हरवले होते. निकाल मात्र डॉजर्सच्या बाजूने ४-० असा लागला आणि त्यांच्या चार स्टार्टरनी २८.२ इनिंगमध्ये (२८ इनिंग आणि दोन बाद) मिळून दोनच धावा दिल्या. माझा प्रश्न असा की, याची चाहूल हंगामाच्या आकड्यांत कुठे होती का, की ऑक्टोबर हा वेगळाच खेळ समजून वही सप्टेंबरअखेर मिटून ठेवावी? पुढच्या हंगामासाठी रकाने नव्याने आखायचे आहेत, म्हणून विचारतो आहे.

---

शाहूपुरी चौथी गल्ली यांचे उत्तर

चाहूल आपल्याच वहीत होती, मात्र ती संघाच्या सरासरीत दिसणारी नव्हती. संघाचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे दिलेल्या अर्जित धावा (क्षेत्ररक्षणाच्या चुकीमुळे झालेल्या सोडून), चारच्या जवळपास होता आणि त्यावरून कोणीही नाक मुरडले असते. पण ही सरासरी ज्यांच्या इनिंगमधून तयार झाली, त्यातले बरेच पिचर ऑक्टोबरमध्ये क्वचितच मैदानावर येणार होते.

आकडेच मांडतो. नियमित हंगामात यामामोटोने १७३.२ इनिंगमध्ये २.४९, ग्लास्नोने ९०.१ इनिंगमध्ये ३.१९, स्नेलने ६१.१ इनिंगमध्ये २.३५ आणि ओतानीने ४७ इनिंगमध्ये २.८७ असा ईआरए राखला. चौघांच्या मिळून ३७२.१ इनिंग होतात आणि अर्जित धावा १११, म्हणजे एकत्रित ईआरए २.६८ येतो. १६२ सामन्यांत संघाला साधारण १४५८ इनिंग टाकाव्या लागतात, तेव्हा या चौघांचा वाटा जेमतेम चौथा हिस्सा होता. मिलवॉकीविरुद्धच्या चार सामन्यांत संघाने ३६ इनिंग टाकल्या आणि त्यांपैकी २८.२ याच चौघांच्या होत्या, म्हणजे जवळजवळ ऐंशी टक्के. बुलपेनला चार सामन्यांत मिळून फक्त ७.१ इनिंग सांभाळायच्या होत्या. ज्या स्कॉटमुळे आपली वही काळवंडली, तो तर त्या संपूर्ण ऑक्टोबरमध्ये एकदाही मैदानावर आला नाही.

असे घडण्याचे कारण वेळापत्रकात आहे. नियमित हंगामात सुमारे सहा महिन्यांत १६२ सामने खेळायचे असतात, जवळपास रोज सामना असतो, त्यामुळे पाच किंवा सहा स्टार्टर लागतात, आणि ते दुखावले की सहावा, सातवा, आठवा शोधावा लागतो. ऑक्टोबरमध्ये मधे सुट्टीचे दिवस येतात, मिलवॉकी मालिकेतही दोन सामन्यांनंतर एक दिवस मोकळा होता, आणि चार चांगले स्टार्टर असले की पाचव्याची गरज उरत नाही. गळीत हंगामाचा सरासरी उतारा पाहून जानेवारीत तोडलेल्या उसाचा उतारा कळत नाही, कारण त्या सरासरीत नोव्हेंबरचा कच्चा ऊसही आलेला असतो. तसाच हा प्रकार आहे.

म्हणून माझी सूचना एवढीच की, वहीत संघाच्या एकूण आकड्याऐवजी ऑगस्टनंतर धडधाकट असलेल्या पहिल्या चार स्टार्टरचा स्वतंत्र हिशेब ठेवावा. ऑगस्टमध्ये स्नेल परतला त्या दिवसापासून हा संघ कागदावरही बदललेला होता.

---

जुना स्कोअरर यांचे उत्तर

वरील गणित बिनचूक आहे, पण त्यावरून नियम बांधायला मी तयार नाही. त्याच डॉजर्सचे २०२४ घ्या. त्या वर्षी स्टार्टर इतके घायाळ झाले होते की सॅन डिएगोविरुद्ध हरल्यास बाहेर पडण्याची वेळ आली असताना त्यांनी चौथा सामना संपूर्णपणे बुलपेनवर खेळला आणि ८-० असा जिंकला. वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेत यँकीजविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात स्टार्टर जॅक फ्लॅहर्टी दुसऱ्याच इनिंगमध्ये माघारी गेला, संघ ५-० असा मागे पडला, आणि तरीही ७-६ असा जिंकून विजेतेपद मिळाले. नववी इनिंग टाकायला वॉकर ब्यूलर आला, जो मुळात स्टार्टर होता आणि तिसऱ्या सामन्यात सुरुवात करून गेलेला होता. म्हणजे लागोपाठच्या दोन वर्षांत एकाच संघाने अगदी उलट वाटांनी विजेतेपद घेतले. ‘चार स्टार्टर मोजा’ हे २०२५ चे उत्तर झाले.

दुसरे उदाहरण २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमधल्या समोरच्या संघाचे. टोरंटो ब्लू जेजचा ट्रे येसावेज सप्टेंबर २०२५ च्या मध्यावर प्रथमच या पातळीवर खेळला आणि नियमित हंगामात त्याने तीनच सामन्यांत सुरुवात केली. त्याच मुलाने वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात सात इनिंगमध्ये बारा जणांना स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बाद) केले आणि एकालाही वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे मिळणारा फुकटचा तळ) दिला नाही. त्याच्याविषयी हंगामाची वही काय सांगणार होती? याच्या उलट क्लेटन कर्शॉ. त्याने २ जुलैला कारकिर्दीतला ३००० वा स्ट्राइकआऊट घेतला, हंगामात ११२.२ इनिंग टाकून संघाचा गाडा ओढला, आणि वर्ल्ड सिरीजमध्ये त्याच्या वाट्याला एकच बाद आला. तोही अठरा इनिंगच्या त्या तिसऱ्या सामन्यात, बाराव्या इनिंगमध्ये, तळ भरलेले, म्हणजे तिन्ही तळांवर धावपटू, असताना. (त्या एका बादेचे मोल मी कोणत्याही रकान्यात बसवू शकलेलो नाही.)

ईआरएविषयीही एक सावधगिरी हवी. चेंडू बॅटला लागून मैदानात राहिला की पुढे काय होते, यात क्षेत्ररक्षकांचा आणि नशिबाचा हात मोठा असतो. पिचरच्या स्वतःच्या हातात प्रामुख्याने स्ट्राइकआऊट, वॉक आणि होमरन (कुंपणापलीकडे गेलेला फटका) या तीनच गोष्टी राहतात. एफआयपी हा आकडा त्यासाठीच काढला गेला. होमरनला १३ ने, वॉक आणि अंगावर लागलेल्या चेंडूंना ३ ने, स्ट्राइकआऊटला २ ने गुणायचे, पहिल्या दोहोंच्या बेरजेतून तिसरा वजा करायचा, इनिंगने भागायचे आणि ईआरएच्या पट्टीत आणण्यासाठी तीनच्या थोडा वरचा एक स्थिरांक मिळवायचा. साठ-सत्तर इनिंगच्या पिचरचे मोजमाप करताना ईआरएपेक्षा याच्यावर माझा भरवसा अधिक आहे.

आणि ७ सप्टेंबरच्या पानाविषयी. त्या सामन्यात ट्रायनेनने तळ भरून ठेवले, एक धाव वॉकने आत ढकलली आणि ३-२ अशा स्थितीत तो गेला. स्कॉटच्या चेंडूवर हिट बसली आणि दोन धावा झाल्या. पण ते दोन्ही धावपटू ट्रायनेनने तळावर सोडलेले होते, म्हणून त्या धावा ट्रायनेनच्या खाती गेल्या. घालवलेली आघाडी स्कॉटच्या नावावर लागली, मात्र त्याच्या ईआरएला ओरखडाही उठला नाही. आपल्या वहीत ‘आला तेव्हा तळावर किती, त्यांपैकी घरी किती पोहोचले’ हा रकाना नसेल, तर बुलपेनमधील निम्म्या लोकांविषयीचे आपले मत या हिशेबाच्या रीतीने ठरवलेले असणार.

---

कृष्णाकाठचा (सांगली) यांचे उत्तर

दोघांच्याही लेखनात विश्रांतीचा विषय राहून गेला. यामामोटोने वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात ९६ चेंडू टाकले आणि दुसऱ्याच दिवशी सातव्या सामन्यात बुलपेनमधून येऊन आणखी ३४ टाकून अकराव्या इनिंगमध्ये सामना संपवला. आपल्याकडे ती २ नोव्हेंबरची रविवार सकाळ होती. त्याच रात्री नवी मुंबईत महिलांचा विश्वचषक भारताने जिंकला, त्यामुळे सांगलीत त्या सकाळचे कोणाला काही पडले नव्हते, स्मृती मानधना आमची. असो. नियमित हंगामात यामामोटोला इतक्या जवळ पुन्हा उतरवण्याचा विचारही कोणी केला नसता, कारण तिथे खांद्याची आणि कोपराची काळजी सर्वांत आधी घेतली जाते. म्हणून दर पिचरच्या नावापुढे ‘मागील सामन्यापासून किती दिवस’ असा रकाना ठेवावा. ऑक्टोबरमध्ये कोण कोणत्या स्थितीत उतरतो आहे, हे सरासरीपेक्षा त्या एका आकड्यावरून लवकर उमगते.

---

रंकाळाकाठ यांचा प्रतिसाद

आपणा तिघांचे आभार. शाहूपुरीकरांनी दाखवलेला चौथ्या हिश्श्याचा आणि ऐंशी टक्क्यांचा फरक मी वहीवरून पुन्हा पडताळून पाहिला, तो जुळतो. जुन्या स्कोअररांचा आक्षेपही मान्य आहे, तरी २०२५ पुरते मला उत्तर मिळाले असे मी धरतो. तळावर सोडलेल्यांचा आणि विश्रांतीचा असे दोन्ही रकाने आखून घेतले आहेत. एक बारीक शंका उरते. वही आता संगणकावरील तक्त्यात उतरवतो आहे, आणि ५.१ व ६.२ यांची बेरीज तक्ता ११.३ दाखवतो. हे कसे टाळावे?

---

जुना स्कोअरर यांचे उत्तर

टिंबानंतरचा आकडा दशांश नसून बाद मोजतो, क्रिकेटमध्ये ५.३ षटके म्हणजे पाच षटके आणि तीन चेंडू, तसेच ५.१ म्हणजे पाच इनिंग आणि एक बाद. आपल्या उदाहरणाची खरी बेरीज १२ इनिंग आहे. तक्त्यात इनिंग लिहूच नका, घेतलेले बाद लिहा : ५.१ साठी १६ आणि ६.२ साठी २०. अर्जित धावांना २७ ने गुणून एकूण बादांनी भागले की थेट ईआरए मिळतो. यामामोटोवर ताडून पाहा : १७३.२ इनिंग म्हणजे ५२१ बाद, अर्जित धावा ४८, उत्तर २.४९. एकही बाद न घेता परतलेल्या पिचरपुढे, म्हणजे त्या पहाटेच्या ट्रायनेनपुढे, शून्य लिहा. त्याच्या एका सामन्याचा ईआरए काढायला गेलात तर तक्ता चूक दाखवेल, तेव्हा तो रकाना हंगामाच्या बेरजेवरच चालवा.