ग्रॅडल: लायब्ररींची व्हर्जन्स एका जागी आणायची आहेत, काय वापरू?

अर्धविराम (धागाकर्ता)
जावाचा प्रोजेक्ट, १४ मॉड्यूल्स, बिल्ड (कोड आणि लायब्ररी जोडून ॲप बनवणं) ग्रॅडल या टूलवर. प्रत्येक मॉड्यूलच्या बिल्ड फाइलमध्ये ज्याने त्याने आपापलं व्हर्जन लिहून ठेवलंय. परवा रिपोर्टसाठी एक नवी लायब्ररी घेतली. बिल्ड हिरवं, टेस्ट हिरव्या, आणि ॲप चढवलं की पहिला जेसन डेटा वाचतानाच नो-सच-मेथड-एरर, म्हणजे हवी ती मेथडच सापडेना! तोही जॅक्सनच्या, म्हणजे जेसन वाचणाऱ्या लायब्ररीच्या, पोटातून. वरच्या ओळींमध्ये आमच्या कोडचा पत्ताच नाही.

अटी आधीच सांगतो. टीम दोघांची. खर्च शून्य. फार तर दोन दिवस देता येतील. बिल्ड टूल बदलायचं नाही.

व्हर्जन कॅटलॉग (आपल्या व्हर्जन्सची एक यादी), बॉम (एकमेकांशी जुळणाऱ्या व्हर्जन्सची तयार यादी) की लॉकफाइल (निवडलेली व्हर्जन्स गोठवणारी फाइल), यातलं काय घेऊ?

जुना_मावेनकर
मावेन या दुसऱ्या बिल्ड टूलवर या. पॅरेंट पॉममध्ये, म्हणजे मावेनच्या मुख्य बिल्ड फाइलमध्ये, डिपेंडन्सी मॅनेजमेंटचा एक ब्लॉक लिहायचा, तो ट्रान्झिटिव्ह डिपेंडन्सींनाही (लायब्ररीने सोबत ओढून आणलेल्या लायब्ररींनाही) लागू होतो, विषय संपला. ग्रॅडल दर मोठ्या व्हर्जनला काहीतरी मोडतं. ७.० ला 'कंपाइल' कॉन्फिगरेशनच काढून टाकलं तेव्हा शेजारच्या टीमची पळापळ डोळ्यांनी पाहिली आहे.

लालबिल्ड
"बिल्ड टूल बदलायचं नाही" ही ओळ वाचलीत का?
आणि मावेनचं एवढं कौतुक नको. तुमच्या त्या ब्लॉकमध्ये एखादी लायब्ररी लिहायची राहिली की मावेन डिपेंडन्सींच्या झाडात आपल्या प्रोजेक्टला जवळ असेल ते व्हर्जन उचलतं, अंतर सारखं असेल तर आधी लिहिलेलं. म्हणजे पॉममधल्या दोन ओळी वरखाली केल्या की वेगळा जार (लायब्ररीची फाइल) येतो. ग्रॅडल निदान त्यातल्या त्यात वरचं व्हर्जन घेतं.

जुना_मावेनकर
वरचं ते चांगलं, हे कुणी ठरवलं? मेजर व्हर्जन बदललं की एपीआय, म्हणजे बाहेरून वापरायच्या मेथड्स, मोडणारच. मावेनमध्ये एन्फोर्सर प्लगिन लावा, कन्व्हर्जन्सचा नियम चालू करा. एकाच लायब्ररीची दोन व्हर्जन्स दिसली की बिल्ड तिथेच पडतं. वीस वर्षं जुनं टूल आहे, उगाच नाही टिकलं.

महामेरू
आम्ही कधीच बॅझल या बिल्ड टूलवर गेलो. हे प्रश्न आता आमच्याकडे येतच नाहीत.
त्याआधी स्वतःचा आर्टिफॅक्ट सर्व्हर (जार साठवणारा) उभा करा, हे माझं सगळ्यांना सांगणं असतं. जेसेंटर ही जारची सार्वजनिक रिपॉझिटरी बंद होणार असं २०२१ मध्ये जाहीर झालं तेव्हा जो तो बिल्ड फाइलमधली रिपॉझिटरी बदलत बसला होता. आम्हाला एक ओळ बदलावी लागली नाही, सगळे जार आपल्याकडे कॅश झालेले.

अर्धविराम
सर्व्हर सांभाळणार कोण? दोघंच आहोत.

महामेरू
एकदा लावला की सांभाळावा लागत नाही.

लालबिल्ड
डिस्क भरेपर्यंत.

हिरवीटिक
कॅटलॉग घ्या, डोळे झाकून. ग्रॅडल ७.४ पासून स्टेबल आहे. एक टॉमल (साध्या मजकुराची) फाइल, त्यात सगळी व्हर्जन्स, आयडीई (कोड लिहायचं ॲप) नावंही पुरी करून देते. आमच्या बिल्ड फाइल्स इतक्या सुटसुटीत झाल्या की काय सांगू.

टोकदार
कॅटलॉग चांगला आहे, पण तुमचा एरर त्याने जाणार नाही. कॅटलॉग म्हणजे तुम्ही स्वतः मागितलेल्या लायब्ररींची यादी. मागच्या दाराने आलेल्या लायब्ररींना तो हात लावत नाही. नव्या लायब्ररीने सोबत कुठलं जॅक्सन ओढून आणलं, हे त्या टॉमल फाइलला कळतही नाही.

आधी ते व्हर्जन निवडलं कुणी ते बघा. ग्रॅडलचा डिपेंडन्सी-इनसाइट टास्क (कुठलं व्हर्जन का आलं ते दाखवणारा) चालवा, त्यात जॅक्सन-कोर (जॅक्सनचा पायाचा भाग) द्या. दोन गोष्टी सांभाळा. टास्क ॲपच्या मॉड्यूलवर चालवा, नुसतं रूटवरून चालवलंत तर फक्त रूट प्रोजेक्टचंच दिसेल. आणि कॉन्फिगरेशन म्हणून रनटाइम-क्लासपाथ (ॲप चालताना लागणाऱ्या जारची यादी) लिहा. काहीच लिहिलं नाही तर कंपाइल-क्लासपाथ (कोड कंपाइल करतानाची यादी) बघितला जातो. तिथे सगळं आलबेल दिसेल आणि तुम्ही पुन्हा इथे याल.

टेस्ट हिरव्या का, तेही सांगतो. प्रत्येक मॉड्यूलच्या टेस्ट त्या मॉड्यूलच्या क्लासपाथवर चालतात. सगळं एकत्र येतं ते ॲपमध्येच, आणि ॲपच्या मॉड्यूलला बहुधा टेस्ट नसतील.

अर्धविराम
नाहीत. :(
आत्ता चालवून बघितलं. डेटाबाइंड (जॅक्सनचाच, कोरवर बसणारा भाग) २.१२.७ आलंय, नव्या लायब्ररीमुळे. पण कोरच्या ओळीत २.१२.७, मग बाण, मग २.१०.५. कारण म्हणून 'फोर्स्ड' (सक्तीने ठरवलेलं) लिहिलंय.

टोकदार
सापडलं की. २.१२ च्या डेटाबाइंडला जेसन-पार्सरमधली जी मेथड हवी आहे ती कोरमध्ये २.१२ ला आली. तुमचं कोर २.१० वर खिळलेलं. सगळ्या फाइल्समध्ये 'फोर्स' शोधा. कुठल्यातरी कॉमन स्क्रिप्टमध्ये रिझोल्यूशन स्ट्रॅटेजीखाली (व्हर्जन निवडायच्या नियमांत) बसला असेल.

अर्धविराम
बरोब्बर, कॉमन स्क्रिप्टमध्येच आहे. सगळ्या कॉन्फिगरेशन्सना लावलाय. ना कॉमेंट, ना तिकीट नंबर. कमिट मेसेज: "फिक्स". लिहिणारा केव्हाच गेला.

लालबिल्ड
"फिक्स" :))
आजवर डेटाबाइंडही २.१० वरच असणार, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही.

हिरवीटिक
म्हणूनच म्हटलं कॅटलॉग घ्या. सगळं एका जागी दिसलं असतं.

टोकदार
नसतं दिसलं. वर लिहिलंय.

फोर्स काढा आणि जॅक्सनचं स्वतःचं बॉम प्लॅटफॉर्म म्हणून घ्या, म्हणजे कोर, ॲनोटेशन्स, डेटाबाइंड एकाच व्हर्जनवर राहतील. नुसतं 'प्लॅटफॉर्म' बरं का, 'एन्फोर्स्ड-प्लॅटफॉर्म' नको. तो फोर्सचाच भाऊ, वरचं व्हर्जनही खाली ओढतो. मग लॉकफाइल. डिपेंडन्सी लॉकिंग चालू करून राइट-लॉक्स हा पर्याय देऊन एकदा बिल्ड चालवा, तयार झालेली फाइल कमिट करा. पुढच्या वेळी कुठली लायब्ररी काय घेऊन आली ते डिफमध्येच (जुन्या-नव्या फाइलच्या फरकात) दिसेल. रिव्ह्यूला यापेक्षा स्वस्त साधन नाही.

रात्रपाळी
लॉकला माझा विरोध. लॉक केलं की लोक विसरून जातात. लॉगफोरजे या लॉगिंगच्या लायब्ररीत सुरक्षेचं भोक सापडलं तेव्हा, डिसेंबर २०२१ मध्ये, २.१५.०, २.१६.०, २.१७.०, २.१७.१ अशी एकाच महिन्यात रांग लागली होती. लॉकवाले प्रत्येक वेळी फाइल नव्याने बनवत बसले. आम्ही '२.+' (२ मधलं सगळ्यात नवं) लिहिलं होतं, आपोआप आलं.

लालबिल्ड
आपोआप, म्हणजे ग्रॅडलची २४ तासांची कॅश संपल्यावर. आणि उद्या कुणी सडकं व्हर्जन टाकलं तर तेही आपोआपच. त्या महिन्यात निदान लॉकवाल्यांना आपल्याकडे कुठलं व्हर्जन चालू आहे हे फाइल उघडून सांगता येत होतं.

जुना_मावेनकर
मावेनमध्ये असं झालंच नसतं.

लालबिल्ड
मावेनमध्ये तोच माणूस तेच २.१०.५ डिपेंडन्सी मॅनेजमेंटमध्ये लिहून गेला असता. कमिट मेसेज "फिक्स".

चेकसमप्रेमी
जारचे शा-२५६ चेकसम (फाइलचे ठसे) तपासता की नाही? ग्रॅडल ६.२ पासून व्हेरिफिकेशन मेटाडेटा आहे. व्हर्जन तेच राहूनही जार बदललेला असू शकतो.

टोकदार
खरं आहे, पण त्यांचा आज तो प्रश्न नाही. वेगळा धागा काढा, तिथे येतो.

अर्धविराम
सगळ्यांचे आभार. सहकाऱ्याशी बोललो. उद्या रिलीज आहे, त्यामुळे फोर्स ठेवलाय, फक्त आकडा २.१२.७ केलाय. वर कॉमेंट टाकली, का आणि कशासाठी ते. ॲप चालतंय. ॲपच्या मॉड्यूलला एक टेस्टही लिहिली, जेसन वाचून दाखवते एवढंच. कॅटलॉग, बॉम, लॉक सध्या काहीच नाही.

हिरवीटिक
अरेरे.

टोकदार
पुढची लायब्ररी २.१५ चं डेटाबाइंड घेऊन आली की असाच एरर पुन्हा. टेस्ट लिहिलीत ते बाकी उत्तम, निदान बिल्डमध्येच कळेल.

रात्रपाळी
हे वाचून आमच्याकडे शोधलं. फोर्सच्या अकरा ओळी निघाल्या. उडवू का सगळ्या?

टोकदार
एकेक काढा, आणि दर वेळी ॲपचा रनटाइम-क्लासपाथ बघा. सगळ्या एकदम उडवल्यात तर नेमकी कुठली ओळ कामाची होती ते कळणार नाही. '२.+' वाल्यांनी तर जास्तच जपून.