बायकोचा नंबर आठवेना: इंटरनेटनं आपली स्मरणशक्ती पोखरली का?

हळदपेठ (सांगली)
परवा मिरज जंक्शनवर फोन बंद पडला. शेजारच्या माणसानं त्याचा फोन दिला, पण मला बायकोचा नंबर आठवेना. आठवला तो लहानपणचा घरचा लँडलाइन. वडील अडत दुकानात दिवाणजी होते. साडेसात क्विंटल हळद, भाव बावीसशे, म्हटलं की कागद न घेता साडेसोळा हजार सांगायचे. दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ. २०११ साली 'सायन्स' नियतकालिकात एक प्रयोग आला होता. टाइप केलेली माहिती संगणकात राहणार, असं ज्यांना सांगितलं त्यांना ती कमी आठवली. आपलंही तेच झालंय. माझं मत स्पष्ट आहे: आपण मठ्ठ होत चाललोय.

वाईकर
मठ्ठ हा शब्द मला मान्य नाही. त्याच निबंधातला आणखी एक प्रयोग होता: अवघड प्रश्न आला की डोक्यात आधी संगणकाचे शब्द येतात, असं सांगणारा. २०१८ साली तो पुन्हा करून पाहिला, तेव्हा तो निकाल मिळाला नाही. तुम्ही सांगताय तो प्रयोग वेगळा, हे कबूल. पण २०११च्या त्याच अभ्यासात माहिती कुठल्या फोल्डरमध्ये ठेवलीय, हे लोकांच्या चांगलं लक्षात राहिलं होतं. म्हणजे स्मरण जागा बदलतंय. आमच्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम उभं केलं, ते सगळं पाठ करावं लागू नये म्हणूनच ना? त्यानं कुणी मठ्ठ झालं नाही.

खटावचा मास्तर
वाईकर, विश्वकोश उघडायला आधी मनात प्रश्न पडावा लागतो, आणि प्रश्न पडायला डोक्यात काहीतरी असावं लागतं. माझ्या सातवीच्या वर्गातलं सांगतो. कांदा ४८ रुपये किलो, तर पाव किलोचे किती? पोरानं मोबाइलवर काढून १२० लिहिलं. एक शून्य जास्त दाबलं गेलं होतं. अख्ख्या किलोला ४८ आणि पावाला १२०, हे त्याला खटकलंच नाही! पावकी (पावाचा पाढा) येणाऱ्या पोराचा हात तिथंच थांबला असता. मला याची फार काळजी वाटते.

वाईकर
सर, हे उदाहरण पटलं. पण हा दोष कॅल्क्युलेटरचा, इंटरनेटचा नव्हे. माझ्या मुलीनं धोम धरणाचं पाणी कुठं कुठं जातं ते नकाशावर शोधलं आणि मग मलाच समजावून सांगितलं. आमच्या वेळी हे कोण दाखवणार होतं?

हळदपेठ (सांगली)
शोधून समजून घेतलं, तर माझी तक्रारच नाही. पण रस्ते बघा. लंडनच्या टॅक्सीचालकांना हजारो रस्ते पाठ करावे लागतात. त्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे रस्ते-जागा लक्षात ठेवणाऱ्या भागाचा, मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा असल्याचं २००० साली दिसलं होतं. आणि मी विश्रामबागेतून मार्केट यार्डात जायलाही फोनवर नकाशा लावतो. मास्तरांचं वाचून बायकोचं नाव फोनच्या यादीतून काढलं. रोज दहा आकडे दाबतोय, आता नंबर पाठ झालाय. मुलीचा कालपासून सुरू केलाय, शेवटचे चार अजून चुकतात.